पदवीचं चौथं वर्ष : घ्यायचं का, आणि ठरवायचं कधी?

उमरगा तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकांना आम्ही समन्वयक म्हणून जातो. हप्ते, व्याज, पासबुक झालं की बायका घरच्या गोष्टींवर येतात. मे-जूनमध्ये तर एकच विषय असतो. बारावी झाली, आता पोरीला कुठं घालायचं? गेल्या दोन वर्षांपासून त्यात एक नवा प्रश्न आलाय. "ताई, डिग्री आता चार वर्षांची झाली म्हणे. तीन वर्षांतच घरचे कुरकुरतात, चार वर्षं कोण शिकवणार?" दुसरी विचारते, "ते ऑनर्स म्हणजे काय? मोठ्या माणसांना देतात ती मानाची पदवी का?"

आजचं बोलणं याच दोन प्रश्नांवर आहे.

आधी भीती काढून टाकू. डिग्री सक्तीनं चार वर्षांची झालेली नाही. तीन वर्षं पूर्ण केली की बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आजही मिळते. ती पूर्ण पदवी आहे, अर्धी नाही. तलाठी भरती, बँकेच्या परीक्षा, एम.पी.एस.सी., जिथं 'पदवीधर' असं लिहिलंय तिथं ती चालते. चौथं वर्ष ज्या मुलीला हवं तिनं घ्यायचं. ते घेतलं की पदवीच्या नावापुढं 'ऑनर्स' लागतं. मानद पदवी वेगळी, तिचा याच्याशी काही संबंध नाही. ऑनर्स म्हणजे एका मुख्य विषयात एक वर्ष जास्त आणि जास्त खोलात जाऊन केलेली पदवी, एवढाच अर्थ.

हे सगळं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांनी ते २०२३-२४ पासून सुरू केलं आणि आपल्याकडच्या विद्यापीठांना जोडलेल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये पहिल्या वर्षाला गेलेल्या मुली या नव्या पद्धतीतल्या पहिल्या. त्याआधीच्या मुलींना जुने नियम. म्हणून मोठ्या बहिणीच्या अनुभवावरून धाकटीचं ठरवू नका, दोघींचे कागद वेगळे आहेत.

आता हिशोब मांडू, बचत गटाच्या बाईला तो लगेच कळतो. नव्या पद्धतीत अभ्यास 'क्रेडिट'मध्ये मोजतात. वर्गात शिकवायचा विषय असेल तर साधारण पंधरा तासांचं एक क्रेडिट. वर्षाला चाळीस ते चव्वेचाळीस क्रेडिट जमा होतात. पहिलं वर्ष झालं की प्रमाणपत्र, दुसरं झालं की पदविका, तिसरं झालं की पदवी आणि चौथं झालं की ऑनर्स पदवी. चार वर्षांचे मिळून १६० ते १७६ क्रेडिट. हे क्रेडिट मुलीच्या नावावर एका खात्यात जमा राहतात, त्याला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट म्हणतात. आपल्या पासबुकात महिन्याची बचत चढते तसं सेमिस्टरचं काम तिथं चढतं. खात्याचा बारा अंकी नंबर असतो आणि प्रवेशाच्या वेळी कॉलेज तो मागतं. डिजिलॉकरवरून तो फुकट निघतो, पण आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं नाही तर अडतो. आपल्याकडं एका कागदावर 'सुनिता' आणि दुसऱ्यावर 'सुनीता' असतं, कुठं वडिलांचं नाव गळालेलं असतं. ही दुरुस्ती अकरावी-बारावीतच करून घ्यावी. निकालानंतर आधार केंद्रावर रांग लागते.

मग चौथं वर्ष कुणासाठी? आमचं मत स्पष्ट सांगतो. मुलीला पोलीस भरती, तलाठी, बँक अशा वाटेनं जायचं असेल तर तीन वर्षांची पदवी घ्यावी आणि चौथ्या वर्षाचा वेळ परीक्षेच्या तयारीला द्यावा. बी.एड.ला जायचं असेल तरी तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांचं बी.एड. करता येतं. पण तिला पुढं एम.ए., एम.एस्सी. करायचं असेल, कॉलेजात शिकवायचं असेल, संशोधनात जायचं असेल तर चौथ्या वर्षाचा विचार जरूर करावा. कारण चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एम.ए. एका वर्षाचं होतं. तीन वर्षांनंतर ते दोन वर्षांचं. तीन आणि दोन पाच, चार आणि एक पाच. वर्षं तेवढीच लागतात. घरी कुणी "एक वर्ष वाया" म्हणालं तर हा हिशोब पाटीवर मांडून दाखवा.

यातही दोन प्रकार आहेत. एक साधा ऑनर्स, त्यात चौथ्या वर्षी मुख्य विषयाचे जास्त पेपर असतात. दुसरा 'संशोधनासह ऑनर्स'. त्यात मुलीला स्वतः एक विषय घेऊन वर्षभर शोधकाम करून प्रबंध लिहायचा असतो. आपल्या भागात अशा कामाला विषय कमी नाहीत. आटणाऱ्या विहिरी, सोयाबीनचा भाव, भूकंपानंतर उभी राहिलेली नवी गावठाणं, कितीतरी. पण या दुसऱ्या प्रकारासाठी पहिल्या तीन वर्षांचे, म्हणजे सहाही सेमिस्टरचे मिळून पंच्याहत्तर टक्के लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी पंच्याहत्तर टक्क्यांनी झालेली मुलगी एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र ठरते. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्के सूट मिळू शकते. पात्र ठरते म्हणजे प्रवेश मिळालाच असं नाही, परीक्षा आणि मुलाखत द्यावीच लागते.

चौथ्या वर्षाला जायचं का, हे तिसरं वर्ष संपताना ठरवू असं बहुतेक घरांत म्हणतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण ते पंच्याहत्तर टक्के पहिल्या सेमिस्टरपासून मोजले जातात. पहिली सेमिस्टर म्हणजे आपल्याकडं कधी? सोयाबीनची काढणी, दिवाळी आणि लगोलग परीक्षा. नेमक्या त्याच दिवसांत पोरगी रानात असते, नाहीतर काढणीवाल्यांच्या भाकरी थापत असते. अंतर्गत गुणांचे प्रकल्प आणि चाचण्याही तेव्हाच असतात. तिथं पन्नास टक्के पडले तर पुढं कितीही धावली तरी सरासरी ओढून धरते. एरवी घरकामात मुलीची मदत घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही रानातल्याच आहोत. पण त्या पंधरा-वीस दिवसांत एक रोजगारी जास्त लावता येत असेल तर लावा.

पहिल्याच वर्षी ठरणारी दुसरी गोष्ट म्हणजे मुख्य विषय. साधारणपणे सुरुवातीला दोन-तीन विषय घेतात आणि पुढं त्यातला एक मुख्य होतो, एक दुय्यम. रचना कॉलेजागणिक थोडी वेगळी असते. ऑनर्स होतं ते मुख्य विषयात. मैत्रिणीनं घेतला म्हणून किंवा तास सकाळी संपतात म्हणून विषय घेतला तर चौथ्या वर्षी त्याच विषयाला बांधून घ्यावं लागतं. प्रवेश अर्ज भरताना विषयांच्या रकान्यापाशी मुलीबरोबर बसा. "तुला काय आवडतं" हे विचारायला आईला इंग्रजी यावं लागत नाही.

आता जागेचं बघू. आपलं विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. २३ ऑगस्ट १९५८ ला ते सुरू झालं. त्याआधी मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठच नव्हतं, इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव लागलं. धाराशिवला त्याचं उपकेंद्र आहे. उमरग्याची कॉलेजं, मुरूम आणि गुंजोटीची कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली. बी.ए., बी.एस्सी.साठी विद्यापीठात वेगळा अर्ज करावा लागत नाही. कॉलेजात घेतलेला प्रवेश हाच विद्यापीठाचा प्रवेश.

आपण मात्र तीन विद्यापीठांच्या मधोमध राहतो, हे पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही. पोरगी लातूरला गेली तर ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची विद्यार्थिनी होते. सोलापूरला गेली तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची. तीनही राज्याचीच विद्यापीठं आहेत, पदवीची किंमत सारखीच. पण तीन वर्षं उमरग्याला आणि चौथं लातूरला असं करायचं म्हटलं तर विद्यापीठ बदलतं. मग स्थलांतर प्रमाणपत्र काढावं लागतं आणि तिथल्या विद्यापीठाची पात्रता घ्यावी लागते. आळंद, बसवकल्याणकडून सून होऊन आलेल्या मुलींनाही हेच लागू. त्यांची बारावी कर्नाटक बोर्डाची, म्हणून तिकडच्या बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. आणि एक ध्यानात ठेवा, जातीचा दाखला वडिलांच्या कागदांवर निघतो, सासरच्या आडनावावर नाही.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर एक प्रश्न नक्की विचारा. "या विषयाचं चौथं वर्ष तुमच्याकडं आहे का, आणि संशोधनासह आहे का?" सगळ्या कॉलेजांत सगळ्या विषयांना ते असेलच असं नाही. संशोधनाला पीएच.डी. झालेले मार्गदर्शक लागतात. "बघू पुढं" असं उत्तर आलं तर चौथ्या वर्षाला मुलीला बाहेरगावी राहावं लागू शकतं असं धरून चाला. तेव्हा खर्च फीचा नसतो, खोलीचा आणि मेसचा असतो.

खर्चाबद्दल एक गैरसमज गावोगाव पसरलाय. "मुलींचं शिक्षण आता सगळं फुकट." जुलै २०२४ च्या शासन निर्णयात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. साध्या बी.ए., बी.एस्सी.ला तो निर्णय लागत नाही. त्यांच्यासाठी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आहेत : भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. राहण्यासाठी समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींना स्वाधार योजना, आणि शेतकरी-मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. विद्यापीठात 'कमवा व शिका' योजनाही आहे.

महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो, एकदा भरून भागत नाही. उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपतो, म्हणून एप्रिलमध्येच सेतूवर अर्ज टाका. जूनमध्ये पेरणीची धावपळ आणि दाखल्यांची गर्दी एकदम येते. आणि ज्या दुकानातून अर्ज भरून घेता त्या दुकानदाराचा मोबाईल नंबर अर्जात कधीही टाकू देऊ नका. ओटीपी त्याच्याकडं जातो आणि पुढच्या वर्षी तो दुकान बंद करून पुण्याला गेलेला असतो. नंबर मुलीचा किंवा आईचा, पासवर्ड वहीत लिहिलेला. काही योजनांत कॉलेजच्या फीचे पैसे मुलीच्याच खात्यावर येतात. ते खतात-बियाण्यात गेले की वर्षअखेरीला कॉलेज फी मागतं आणि गुणपत्रिका अडते. आमच्या गटांत हे घडलेलं आहे. तेव्हा अंतर्गत कर्ज काढून फी भरावी लागली. शेकड्याला महिना दोन रुपये, सावकारापेक्षा बरं, पण टाळता येण्यासारखं होतं.

ज्या मुली मध्येच थांबल्या त्यांच्याबद्दलही सांगायला हवं, कारण दुसऱ्या वर्षानंतर लग्न ठरणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. नव्या पद्धतीत पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबलेल्या मुलीला प्रमाणपत्र किंवा पदविका घेता येते. त्यासाठी सुट्टीत चार क्रेडिटचा एखादा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. आणि तीन वर्षांच्या आत तिला परत येता येतं. सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. तोवर तिचे क्रेडिट खात्यात राहतात. हे सोयरिकीच्या बैठकीतच बोलून घ्या. "पोरगी शिकायला येईल" हे लग्नाआधी ठरलेलं असलं तर नंतर सासूलाही नाही म्हणणं जड जातं. सासू आपल्याच गटात असली तर आणखी बरं.

आणि ज्यांना रोज कॉलेजात जाणं जमणारच नाही त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. तिथं मुलीबरोबर आईनंही नाव घालायला काही हरकत नाही. त्यावर आणि महाडीबीटीचा अर्ज रकान्यागणिक कसा भरायचा यावर आपण पुढच्या भागात बोलू. तोवर घरातल्या मुलीची दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवून दोन्हीवरची नावं एकदा वाचून बघा.