बाथरूमचं काम काढलं की घर का बिथरतं?

‘पाच बाय आठचं तर बाथरूम, त्याचं एवढं काय टेन्शन घ्यायचं!’ पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये काम निघालं की कोणीतरी हे म्हणतंच. इकडे ब्रेकर सुरू झालेल्या घरातली माणसं चार दिवसांत एकमेकांवर खेकसायला लागलेली असतात. आंघोळीचे नंबर लागलेले, फ्रिजवरसुद्धा सिमेंटची पूड, शेजारी कपाळाला आठ्या घालून दारात उभे. त्यात मनातून स्वतःलाच दोष देणं चालू असतं, की घर सुधारतंय, पैसे आपणच खर्च करतोय, मग सहन का होत नाही?

चांगल्या कामाचा ताण येत नाही, हा पहिला गैरसमज. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी संशोधकांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, तर लग्नासारख्या आनंदाच्या प्रसंगालाही 50. घर बदलण्याला 20 गुण आहेत आणि राहण्याच्या परिस्थितीतल्या मोठ्या बदलाला 25. राहत्या घराची मोठी दुरुस्ती या दुसऱ्या गटात येते. घडी विस्कटली की शरीर आणि मन त्याची किंमत मोजतात, बदल हवासा असो वा नकोसा.

ती किंमत घरात सगळ्यांना सारखी पडतेच असंही नाही. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांना आपापलं घर दाखवत त्याबद्दल बोलायला लावलं. 2010 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या बायका घराबद्दल पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं अशा भाषेत बोलल्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पुरुषांमध्ये असा संबंध दिसला नाही. आपल्याकडेही मिस्त्रीच्या चहापासून पाण्याच्या बादल्यांपर्यंतचं सगळं बहुतेक घरांत बाईच बघते. तिच्या चिडचिडीला ‘तुझा स्वभावच तसा’ म्हणून मोकळं होण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

‘आवाजाची सवय होते’ असंही म्हटलं जातं. थोडीफार होतेही, पण कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे ठाऊक नसलेला आवाज माणसाला जास्त पोखरतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी शहरी ताणावरच्या प्रयोगांत लोकांना कर्कश आवाज ऐकवले. त्यांतल्या काहींना आवाज बंद करायचं बटण दिलं, मात्र शक्यतो ते दाबू नका असं सांगितलं. आवाज संपल्यावर दिलेल्या कोड्यांवर बटणवाले अधिक चिकाटीने बसले. आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला होता, फरक होता तो बटण हाताशी आहे या जाणिवेचा.

बाथरूमच्या कामात हे बटण म्हणजे वेळापत्रक. तोडफोड सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा, असं ठेकेदाराशी ठरवून कागदावर लिहावं. तो कागद वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी नेऊन द्यावा, सोसायटीच्या फलकावर लावावा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहेच. दुपारची विश्रांती मात्र सोसायटीच्या नियमांवर आणि आपल्या समजुतीवर अवलंबून असते. घरी आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर तोडफोडीच्या दोन-तीन दिवसांपुरती त्यांची सोय नातेवाइकांकडे करणं सगळ्यांच्याच भल्याचं.

मग येतो तो ‘आठ दिवसांत देतो’ हा शब्द. तो देणारा खोटंच बोलत असतो असं नाही. आपल्याच कामाचा अंदाज बांधताना माणसं चुकतात. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज होता सुमारे 34 दिवसांचा, प्रत्यक्षात लागले 55च्या वर. सगळं बिनसलं तर किती लागतील, या प्रश्नालाही त्यांनी 49च्या आसपासच उत्तर दिलं होतं. बाथरूम पुरतं फोडून नव्याने करायचं तर तोडफोड, भिंतीतले पाइप, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, ग्राउट आणि शेवटी नळ-कमोड या क्रमाने सहसा तीन ते चार आठवडे लागतात. तेवढे धरूनच पाहुण्यांना होकार द्यावा. घरात दोन बाथरूम असतील तर दोन्ही एकदम फोडण्याचा मोह टाळावा.

या सगळ्यात एक टप्पा असा आहे, जिथे कंटाळलेलं घर आणि दुसऱ्या साइटवर जायची घाई असलेला ठेकेदार यांचं एकमत होतं आणि तिथेच घात होतो. तो टप्पा वॉटरप्रूफिंगचा. जुन्या टाइल्स आणि कोबा काढल्यावर खालचा खोलगट स्लॅब, म्हणजे संकन, उघडा पडतो. तो झाडून-धुऊन, भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटी भरून त्यावर कोटिंगचे हात द्यायचे. ते सुकलं की नहाणी ट्रॅपच्या तोंडात बोळा घट्ट बसवायचा आणि पाणी भरून ठेवायचं. पातळीवर भिंतीला पेन्सिलीने रेघ मारायची. किमान 24 तास, शक्य तर 48 तास ते पाणी हलवायचं नाही. मग रेघेशी पातळी ताडून बघायची आणि खालच्यांच्या घरी जाऊन त्यांचं छत, विशेषतः पाइपाच्या कडेचा भाग, हाताने चाचपायचा. छत ओलं लागलं किंवा पाणी डोळ्यांत भरण्याइतकं उतरलं, तर दोष शोधून पुन्हा चाचणी घ्यायची. या दोन दिवसांत मिस्त्री दिसत नाही, ठोकाठोकी नसते, त्यामुळे काम अडलंय असं वाटतं. खरं तर साऱ्या कामातले सर्वांत मोलाचे दिवस हेच असतात.

चाचणीचे ते दिवस वाचवणाऱ्यांचा भरवसा असतो महागड्या टाइल्सवर. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते हे खरं आहे. पण पाणी जातं ते सांध्यांतून, ट्रॅपच्या कडेने, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यातून. पांढरं सिमेंट किंवा साधं ग्राउट त्याला पुरतं अडवत नाही. म्हणून कोटिंग भिंतीवरही चढवावं लागतं आणि जमिनीला ट्रॅपकडे ढाळ द्यावा लागतो, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणूनच ती नुसत्या सिमेंटच्या रबडीवर नीट धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं.

‘चांगला ठेकेदार मिळाला की डोक्याला ताप नाही’ हेही अर्धंच खरं. काम तो करतो, पण निर्णय आपलेच असतात, आणि ते घमेलं हातात धरलेल्या माणसासमोर उभं राहून घ्यावे लागले की गोंधळ होतो. कमोडचंच बघा. काहींचं तोंड मागे भिंतीकडे असतं, ते पी-ट्रॅप. काहींचं खाली जमिनीत, ते एस-ट्रॅप. एस-ट्रॅपमध्ये भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर जुळावं लागतं. ते न मोजता दुकानात आवडला म्हणून कमोड आणला, तर तो परत तरी करावा लागतो नाहीतर जमीन पुन्हा फोडावी लागते. कमोड, डायव्हर्टर, गीझरची जागा, आरशाची उंची, आजी-आजोबांसाठी धरायचा दांडा, हे सगळं पहिला हातोडा पडण्याआधी ठरलेलं असलं की निम्मी वादावादी उद्भवतच नाही.

परवानगीबद्दल दोन टोकं दिसतात. माझं घर, मी काहीही करीन, हे एक. साध्या टाइल्स बदलायलाही पालिकेत खेटे घालावे लागतात, हे दुसरं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 342 नुसार फरशी बदलणं, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ आणि सांडपाण्याचे पाइप बदलणं ही किरकोळ दुरुस्ती मानली जाते, त्यासाठी पालिकेला नोटीस द्यावी लागत नाही. बीम, कॉलम किंवा स्लॅबला हात लावणं, बाथरूमची जागा हलवणं ही गोष्ट वेगळी. सोसायटीला मात्र दोन्ही वेळा लेखी कळवावं. राडारोडा गोण्यांत भरून कुठे जाणार, हेही त्यातच लिहावं, कारण तो रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायला नियमांनी बंदी आहे.

राहिली एक लहानशी गोष्ट. पाइप भिंतीत बसले आणि दाबाची चाचणी झाली, की टाइल्स लागण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी धरून. टाइल्सचा एखादा जादा खोका जपून ठेवावा आणि त्यावरचा शेडचा नंबर टिपून ठेवावा, कारण पुढच्या खेपेला तीच छटा मिळेलच असं नाही. सहा वर्षांनी गीझर बदलायला आलेला माणूस ड्रिल लावण्याआधी विचारतो, ‘इथून पाइप गेलाय का?’ तेव्हा मोबाइलमधला तो फोटो उघडून दाखवता येतो.