चौदावा दिवस प्रत्येकीचा नसतो

मुळशी तालुक्यात एकीकडे हिंजवडीच्या आयटी कंपन्या आहेत, तर दुसरीकडे ताम्हिणी घाटाकडच्या वाड्या. मूल हवं असलेल्या जोडप्याला दोन्हीकडे बहुधा एकच हिशेब ऐकायला मिळतो : पाळीच्या चौदाव्या दिवशी अंडं फुटतं, तो दिवस चुकवू नका. हा हिशेब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला साधारण लागू पडतो. पण कुणाची पाळी २४ दिवसांनी येते, कुणाची ३२ दिवसांनी, आणि या दोघीही अगदी निरोगी असतात.

खरं मोजायचं ते उलट बाजूने. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत साधारण १२ ते १६ दिवस जातात. कमीजास्त होतो तो मुख्यतः त्याआधीचा काळ. म्हणजे २४ दिवसांच्या चक्रात अंडं दहाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, ३२ दिवसांच्या चक्रात अठराव्या. जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२०च्या दशकात ही गोष्ट स्वतंत्रपणे दाखवून दिली. त्याआधी युरोपातले कितीतरी डॉक्टर चक्राचा मधला काळच सुरक्षित समजत. मूल नको म्हणून त्यांचा सल्ला पाळणाऱ्या बायकांचं काय झालं असेल, हे सांगायला नको.

सुटलेलं अंडं जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषबीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं. त्यामुळे अंडं सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस गर्भ राहण्याचे. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हेच दिसलं. अंडं फुटल्याची खात्री होईपर्यंत थांबणारं जोडपं बहुतेक वेळा उशीरच करतं.

मराठीत या विषयावर उघडपणे लिहिण्याचं धाडस र. धों. कर्वे यांनी केलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि त्यापायी अश्लीलतेचे खटलेही सोसले. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूर राज्यातल्या रामनगरम इथे बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देऊन सुरक्षित दिवस मोजायला शिकवलं. रोज एक मणी सरकवायचा, एवढंच काम. तरी प्रयोग फसला. पाळी दर महिन्याला माळेच्या हिशेबाने येत नाही, आणि नवऱ्याची साथ नसेल तर एकट्या बाईने मोजून काय होणार?

आजची ॲपही मागच्या तारखांवरून अंदाजच बांधतात. शरीराची खूण त्याहून भरवशाची : योनीतून येणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, निसरडा, ताणला जाणारा झाला की ते दिवस जवळ आले. सकाळी उठताक्षणी मोजलेलं तापमान अंडं सुटल्यानंतर किंचित चढतं. पण रात्रपाळी करणाऱ्या मुलीला किंवा तान्ह्या बाळामुळे झोपमोड होणाऱ्या आईला त्यावर विसंबता येत नाही. मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची पट्टी अंडं फुटण्याच्या दीड दिवसापर्यंत आधी इशारा देते, मात्र पीसीओडी असेल तर ती फसवूही शकते.

या सगळ्या नोंदी बाईनेच ठेवायच्या आणि दिवस राहिले नाहीत तर बोलही तिनेच ऐकायचे, हा अन्याय अजून संपलेला नाही. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, किंवा बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतरही राहिला नाही, तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नये. नवऱ्याची वीर्यतपासणी साधी आणि कमी खर्चाची असते; ती सुरुवातीलाच व्हायला हवी.

तोवर रक्तस्राव थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले तर नेमका दिवस शोधण्याची धडपड करावी लागत नाही. मूल नको असेल तर मात्र नुसत्या तारखांवर भिस्त ठेवू नये. गावातल्या आशाताईंकडे निरोध आणि गोळ्या मिळतात.