एक काचपट्टी, दोन शेरे

कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी त्वचेतून सुई घालून मूत्रपिंडाचा अंश काढण्याची आपली पद्धती १९५१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा निवाडा रक्त-लघवीच्या आकड्यांबरोबरच शेवईच्या तुकड्याएवढ्या एका मांसखंडावरही अवलंबून राहू लागला. त्या तुकड्याचे दोन-तीन मायक्रॉन जाडीचे छेद निरनिराळ्या रंगद्रव्यांत बुडवून पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो आणि जुने वण किती, दाहाची धग अद्याप किती, याचा शेरा नोंदवितो. परंतु तीच काचपट्टी तितक्याच अनुभवी दुसऱ्या तज्ज्ञापुढे ठेवली असता शेरा तोच येईल काय, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने मुळीच गौण नाही, कारण स्टेरॉइडसारखी जबर औषधे द्यावयाची की नाहीत हे पुष्कळदा त्याच शेऱ्यावर ठरते.

आय.जी.ए. नेफ्रोपॅथी या विकाराच्या अभ्यासकांनी या प्रश्नाला मनापासून हात घातला. २००९ च्या ऑक्सफर्ड वर्गीकरणासाठी २६५ रुग्णांच्या बायोप्सी अनेक पॅथॉलॉजिस्टांनी स्वतंत्रपणे वाचल्या, आणि ज्या लक्षणांबाबत त्यांची मते जुळत नव्हती ती आधी बाजूला सारून मगच रोगाचे भवितव्य कशावरून कळते याचा विचार झाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तरीही तफावत उरलीच. नलिकांचा ऱ्हास आणि तंतुमयता २५ टक्क्यांपर्यंत असेल तर टी-शून्य, त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत टी-एक, अशी हद्द मुक्रर आहे. तेव्हा एकाला २० टक्के वाटलेला वण दुसऱ्याला ३० टक्के वाटला की श्रेणी बदलते. 'ई' या घटकाची अवस्था याहून बिकट आहे. केशवाहिनीच्या पोकळीत पेशींची गर्दी होऊन ती बुजू लागल्याचे एकाही ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या एकाही झुबक्यात, आढळले तरी ई-एक हा शेरा द्यावयाचा असतो. साहजिकच वीसपैकी एकोणीस झुबके निर्मळ असताना विसाव्याच्या एका वेटोळ्यातील चार पेशी खरोखरच पोकळीत आहेत, की छेद तिरपा गेल्याने तशी दाटी भासते, एवढ्यावर सारा अहवाल फिरतो. युरोपातील १३ देशांतील १,१४७ रुग्णांच्या 'व्हॅलिगा' अभ्यासात स्थानिक वाचन मध्यवर्ती वाचनाशी ताडून पाहिले, तेव्हा सर्वांत अधिक एकमत नलिकांच्या ऱ्हासाबाबतच दिसले. जे वण भरून येणार नाहीत त्यांविषयी सहमती आणि औषधाने शमू शकणाऱ्या ताज्या दाहाविषयी मतभेद, अशी ही विपरीत स्थिती आहे.

सहमती मोजण्यातही एक खाच आहे. दोन वाचकांनी प्रत्येकी ९० टक्के बायोप्सींवर डोळे मिटून 'आहे' असे लिहिले, तरी निव्वळ योगायोगाने ८२ टक्के ठिकाणी त्यांचे जुळेल. म्हणून जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा गुणांक वापरतात, जो योगायोगाचा वाटा वजा करतो आणि या उदाहरणात शून्यावर उतरतो.

शिकवणीने ही तफावत मिटेल अशी आशा होती. प्रत्यारोपित मूत्रपिंडांच्या काचपट्ट्या युरोपभर फिरवून पॅथॉलॉजिस्टांना परस्परांचे निष्कर्ष वारंवार कळविण्यात आले; परंतु तफावत मोठी असून अशा प्रतिसादाने ती घटत नाही, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दाखविले. माझ्या मते यात वाचणाऱ्याच्या दृष्टीपेक्षा व्याख्यांच्या सैलपणाचा दोष अधिक आहे. सेठी, फोगो प्रभृती मूत्रपिंड-पॅथॉलॉजिस्टांनी जीर्ण बदलांसाठी ० ते १० गुणांची जी मोजणी सुचविली, तिच्यात 'सौम्य', 'तीव्र' या विशेषणांमागे टक्क्यांच्या ठराविक पायऱ्या आहेत, म्हणून ती मला स्वागतार्ह वाटते. शेऱ्याशेजारी मूळ टक्का आणि हाती लागलेल्या ग्लोमेरुलसची संख्या अहवालात असलीच पाहिजे. आणि दुसरे मत घेण्यासाठी परगावी निघालेल्या रुग्णाला अहवालाच्या कागदासोबत काचपट्ट्या आणि मांसखंड ज्यात रोवलेला असतो तो पॅराफिनचा ठोकळाही विनातक्रार मिळाला पाहिजे.