विटांमधली वाट

ग्वाल्हेरचा व्यापारमेळा माधवराव महाराज शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला, आणि हिवाळ्यात दिव्यांनी व गर्दीने भरून जाणारे त्या मेळ्याचे विस्तीर्ण मैदान उरलेल्या दिवसांत पहाटे फिरायला येणारी वृद्ध मंडळी, क्रिकेट खेळणारी पोरे आणि मोटार शिकणारे नवशिके यांच्या स्वाधीन असते. काही वर्षांपूर्वीच्या एका चैत्रात त्या मैदानाच्या कडेला एका कट्ट्यावर बसून मी रोज सकाळी तासभर एक जुनी बोलेरो पुढेमागे होताना पाहत असे. किल्ला तेथून पश्चिमेला दिसतो. सूर्य वर येऊ लागला की त्याचे ऊन आधी किल्ल्याच्या कड्याला लागते, मग सावकाश खाली शहरात उतरते, आणि ते मैदानावर पोचेपर्यंत आमचा धडा आटोपलेला असे.

गाडी चालवणारी मुलगी पोलीस खात्यात निरीक्षक होती. मुलगी म्हणायचे ते ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील आमच्या वाड्यात ती माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली म्हणून; एरवी तिला स्वतःची नऊ वर्षांची कन्या आहे, आणि चंबळेच्या खोऱ्यात रात्री-अपरात्री तपासाला जाऊन तिने जे पाहिले आहे ते ऐकतानाही माझी छाती दडपते. तिला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जायचे होते. त्यासाठी नुसती खात्याची शिफारस पुरत नाही. इंग्रजी ऐकून आणि वाचून कळते की नाही, ऐकलेल्या हकिकतीवरून सुसंगत अहवाल लिहिता येतो की नाही, तोंडी प्रश्नांना नीट उत्तरे देता येतात की नाही, हे सारे तपासून घेतात. जेथे हत्यार बाळगायचे तेथल्या कामगिरीसाठी नेमबाजी पाहतात. आणि या सर्वांच्या जोडीला मोटार हाकण्याची चाचणी असते, कारण तेथे साहेबासाठी दार उघडून उभा राहणारा चालक नसतो, ज्याने त्याने आपली गाडी आपणच चिखलातून आणि काट्याकुट्यांतून न्यायची असते.

नेमबाजीत ती पहिल्यापासून तरबेज. इंग्रजीसाठी ती माझ्याकडे आली, कारण आयुष्यभर मी तेच शिकवले. अडचण होती ती मोटारीची. परवाना तिच्या बटव्यात सहा वर्षे होता. पण सरकारी गाडीला सरकारी चालक, घरच्या गाडीला नवरा, आणि माहेरच्या गाडीला भाऊ, अशा तऱ्हेने चक्र तिच्या हाती येण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. कोणी तिला मना केले होते असे नव्हे. तिने मागितले नाही, त्यांनी दिले नाही, आणि दोन्हीकडच्या माणसांना त्यात काही वावगे वाटले नाही. माझ्या तरुणपणी आमच्या घरी एक फियाट होती आणि तिची किल्ली देवघराजवळच्या खुंटीला टांगलेली असे. धाकट्या भावाने ती अठराव्या वर्षी उचलली, मी कधीच उचलली नाही. विशेष हे, की त्याच काळात मी शाळेतील मुलींच्या एनसीसीची अधिकारी होते. १९६४ साली स्त्री-अधिकाऱ्यांसाठी म्हणून आमच्याच गावात निघालेल्या प्रशिक्षण संस्थेत मी कवायत आणि बंदूक शिकून आले होते. जून १८५८ मध्ये झाशीची राणी याच गावाच्या वेशीवर लढता लढता पडली, फुलबागेत तिची समाधी आहे आणि अश्वारूढ पुतळा आहे, आणि दरवर्षी मी मुलींची रांग घेऊन त्या पुतळ्याला मानवंदना देण्यास जात असे. तरी त्या घोड्याचा लगाम आणि खुंटीवरची ती किल्ली यांचा संबंध माझ्या मनात त्या वेळी जुळला नाही, याचे मला आज मनापासून वाईट वाटते.

तिला शिकवायला एक सेवानिवृत्त पोलीस-चालक येत. हवालदाराला इकडे ठाण्यात दिवाणजी म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना दिवाणजीच म्हणत असू. गाडी उभी असेतोवर ते तिला ‘मॅडम’ म्हणत, आणि यंत्र सुरू झाले की ‘बेटी’. त्यांच्या पिशवीत एक सुतळी आणि बोलेरोत मागे आठ विटा. आल्याबरोबर ते जमिनीवर पावले टाकून अंतर मोजत, विटा उभ्या करत, आणि त्या विटांच्या मधून गाडी आधी नागमोडी पुढे, मग तशीच मागे, आणि शेवटी चार विटांच्या चौकटीत उलटी नेऊन उभी करायला लावत. पहिल्या आठवड्यात विटा पडण्याचा आवाज मला कट्ट्यावर सतत ऐकू येई. वीट पडली की ती मान वळवून मागे पाही, आणि दिवाणजी म्हणत, “पडलेल्या विटेकडे पाहू नकोस बेटी, आरशात पाहा; पुढची वीट आरशात आहे.” तिच्या चुकीचे कारण त्यांनी तिसऱ्या दिवशी ओळखले. गाडी केवढी आहे याचा तिला अंदाज नव्हता. शेजारच्या आसनावर बसून आयुष्य काढलेल्या माणसाला गाडीची रुंदी ठाऊक नसते. ती फक्त हाकणाऱ्याच्या अंगात मुरते. दिवाणजींनी मग तिला खाली उतरवले, गाडीभोवती हात टेकवत चार फेऱ्या मारायला लावल्या, डोळे मिटून पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची पावले मोजायला लावली, आणि त्यानंतर विटा पडणे हळूहळू कमी झाले.

संध्याकाळी आमच्या जेवणाच्या मेजावर दुसरा धडा चाले. मी एखादी हकिकत इंग्रजीत दोनदा वाचून दाखवायची आणि तिने तिचा अहवाल लिहायचा: काय घडले, कोठे, केव्हा, कोणी, कोणास, कसे. पंचनामे आणि जबान्या लिहून तिचा हात तयार होता. भाषा तेवढी बसवायची होती. एकदा मी रचलेल्या हकिकतीत छावणीच्या दारापाशी झालेली चकमक होती, आणि तिने लिहिले की दोनशे लोक आश्रयाला आले. मी विचारले, लोक म्हणजे कोण? त्यांत बाया किती, पुरुष किती, मुलगे किती, मुली किती? ती म्हणाली, “काकू, हकिकतीत ते सांगितलेलेच नाही.” मी म्हटले, मग सांगितलेले नाही असे लिही, कारण अहवाल वाचणाऱ्याला निदान कळू दे की मोजणाऱ्याने मोजले नाही. दोनशे लोकांना पाण्याच्या किती टाक्या लागतात ते एका आकड्यावरून ठरवता येते. रात्री शौचाला जायच्या वाटेवर दिवा हवा की नको, ते त्या आकड्यावरून ठरत नाही.

त्या दिवशी मी तिला संयुक्त राष्ट्रांतील आपल्या प्रतिनिधी हंसा मेहतांची गोष्ट सांगितली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात सर्व पुरुष स्वतंत्र आणि समान जन्मतात अशा अर्थाचे शब्द होते. इंग्रजीत त्या शब्दाने माणूसही सूचित होतो असे समर्थन होते. बाईंनी ते मानले नाही, आणि १९४८ साली मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात सर्व मानव असा शब्द आला तो त्यांच्या आग्रहामुळे. भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला याहून मोठे उदाहरण माहीत नाही. पण शब्द बदलल्यानंतर माणसे पोचायला किती काळ लागतो तेही त्याच इतिहासात दिसते. स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा यांविषयीचा १३२५ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेने केला तो ३१ ऑक्टोबर २००० रोजी. १९९३ साली गणवेशधारी शांतिसैनिकांत स्त्रिया शेकडा एक होत्या. २०२० साली, ठरावाला वीस वर्षे झाली तेव्हा, लष्करी तुकड्यांत त्या शेकडा ४.८ आणि पोलिसांच्या सज्ज तुकड्यांत शेकडा १०.९ होत्या. २०२८ पर्यंत लष्करी तुकड्यांत शेकडा १५ आणि एकेकटे नेमले जाणाऱ्या पोलिसांत शेकडा ३० असे लक्ष्य ठरलेले आहे. या आकड्यांकडे पाहिले की मला मेळ्याच्या मैदानावरील त्या आठ विटा आठवतात. अनेक देशांतील स्त्रिया याच मोटारीच्या चाचणीशी अडखळतात, हे या कामात मुरलेल्या माणसांना पुरते ठाऊक आहे. आणि परिषदेतला ठराव कितीही उदात्त असला तरी घरच्या खुंटीवरील किल्लीचा बंदोबस्त तो परस्पर करू शकत नाही.

आपल्या देशाची कामगिरी या बाबतीत अभिमान वाटावा अशी आहे. १९६० साली काँगोला गेलेल्या आपल्या वैद्यकीय पथकांत स्त्री-अधिकारी होत्या. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची शंभराहून अधिक स्त्रियांची सबंध तुकडी सीमा धुंडिया यांच्या हुकमतीखाली लायबेरियाच्या राजधानीत, मनरोव्हियाला, उतरली. अशी केवळ स्त्रियांची पोलीस-तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात पहिलीच होती, आणि पाळीपाळीने माणसे बदलत ती तैनाती २०१६ पर्यंत टिकली. मेजर सुमन गवानी यांना दक्षिण सुदानमधील कामासाठी २०१९चा, आणि मुंबईच्या आयआयटीत शिकत असताना सैन्यात गेलेल्या मेजर राधिका सेन यांना काँगोतील कामासाठी २०२३चा, संयुक्त राष्ट्रांचा या क्षेत्रातील सन्मान मिळाला.

तरी लायबेरियाच्या तुकडीविषयी जे लिहिले गेले ते वाचताना एक गोष्ट मला टोचत राहते. त्या स्त्रिया मुलींना स्वसंरक्षण शिकवत, संगणक शिकवत, नृत्यही शिकवत, याचे सर्वत्र कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु त्या दंगल आवरण्याचे शिक्षण घेतलेल्या सशस्त्र पोलीस होत्या, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीवर पहारा देत होत्या आणि रात्रीची गस्त घालत होत्या. स्त्री पाठवावी, कारण ती स्वभावतः मायाळू असते आणि पीडित बाया तिच्याशी बोलतात, असे जे समर्थन आपण मोठ्या सद्भावनेने करतो, त्याने तिच्या खांद्यावर दुसरे ओझे चढते: गस्त तर पुरुषाइतकी घालायचीच, वर माया लावायची तीही तिनेच. पुरुष-शिपायाने बायांशी अदबीने बोलावे, ही त्याच्या कामाचीच अट आहे. पीडित स्त्रीला स्त्री-पोलीस भेटली पाहिजे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण आमची मुलगी दिल्लीला परीक्षेस निघाली ती परोपकार करायला निघाली नव्हती. तिला एक कठीण, मानाची, अधिक पगाराची नेमणूक हवी होती, आणि ती मागण्याचा तिला पुरता हक्क होता.

पहिल्या खेपेस ती मोटारीत नापास झाली. परत आल्यावर दोन दिवस ती वाड्याच्या पायरीवरही दिसली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे दिवाणजींनी न बोलावता दार वाजवले. या वेळी त्यांनी विटांमधले अंतर एका वितीने कमी केले. पुढच्या खेपेस ती सर्व चाचण्यांत उतरली आणि दक्षिण सुदानला वर्षभरासाठी रुजू झाली. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि गाडीचे चक्र डाव्या हाताला असते, म्हणजे मैदानावर अंगात मुरवलेली रुंदी तिला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली.

ती दूरध्वनीवर जे सांगे त्यात शौर्याच्या कथा नव्हत्या. २०१३च्या डिसेंबरात तेथे यादवी पेटल्यावर हजारो माणसे शांतिसेनेच्या तळांच्या आश्रयाला आली होती. छावणीतल्या बायांना चुलीसाठी जळण आणायला कुंपणाबाहेर लांब जावे लागे, आणि त्या वाटेवर त्यांच्यावर अत्याचार होत, हे तिकडचे जुने दुखणे. गस्त कोणत्या वेळी घालायची हे बाया केव्हा निघतात त्यावर ठरले पाहिजे, आणि बाया केव्हा निघतात हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायला गेले तर दुभाषी पुरुष. तिने सांगितलेली एक बैठक माझ्या मनातून जात नाही: तासभर बाया पाण्याविषयी आणि डासांविषयी बोलत राहिल्या, मग दुसऱ्या दिवशी ती एका स्त्री-दुभाष्याला घेऊन गेली, आणि त्याच बाया, त्याच झाडाखाली, जळणाच्या वाटेविषयी बोलल्या. त्या रात्री तिने अहवाल लिहिला. त्यात चार रकाने होते, असे तिने मला मुद्दाम सांगितले.

परतल्यावर पहिल्यांदा ती मला स्टेशनवरून घरी घेऊन आली तेव्हा गाडीचे चक्र तिच्याच हाती होते. नवरा मागे लेकीपाशी बसला होता, आणि तिचा उजवा हात अधूनमधून दाराकडे जाई, कारण वर्षभराच्या सवयीने तो तिकडे गिअर शोधत होता.

आता रविवारी मेळ्याच्या मैदानावर तिच्या ठाण्यातील तीन स्त्री-शिपाई येतात. शांतिसेनेत जायचे आहे ते एकीलाच, बाकीच्या दोघींना नुसती गाडी शिकायची आहे. दिवाणजींचे गुडघे दुखतात, म्हणून ते माझ्याशेजारी कट्ट्यावर बसून सूचना देतात, आणि पावले टाकून विटा ती मांडते. गेल्या रविवारी सर्वांत धाकटीने पहिल्याच फेरीत तीन विटा पाडल्या आणि गाडी थांबवून मागे पाहू लागली. आमची मुलगी काही बोलली नाही. तिने तिला खाली उतरवले, आणि गाडीभोवती हात टेकवत चालायला सांगितले.