ग्रेट डिक्स्टरची केळ

जून महिन्यात ग्रेट डिक्स्टरच्या फाटकातून आत शिरणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीस प्रथम पडते ते गुडघाभर वाढलेले गवत, आणि एवढ्या नामांकित उद्यानाच्या तोंडाशीच माळ्यांनी अशी हयगय करावी याचे त्याला नवल वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु त्याच गवतात रानटी ऑर्किडे फुललेली असतात. त्यांचे बी पिकून भुईवर झडेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट उजाडेपर्यंत, तेथे कापणी करावयाची नाही, आणि गवत माजून नाजूक फुलांना गिळील म्हणून त्या जमिनीला खतही घालावयाचे नाही, असा इथला दंडक आहे.

इंग्लंडच्या पूर्व ससेक्स परगण्यातील नॉर्दियम गावची ही मिळकत १९१० साली नॅथॅनिएल लॉइड यांनी खरेदी केली. पंधराव्या शतकातील मूळ घराला बेनंडन येथील एक जुने लाकडी घर उकलून आणून जोडण्याचे काम त्यांनी सोपविले एडविन ल्युटेन्स यांच्याकडे. नव्या दिल्लीतील आजच्या राष्ट्रपतिभवनाचे स्थापत्यकार ते हेच. यू वृक्षांची कुंपणे आणि त्यांतून छाटून काढलेले पक्षी ही नॅथॅनिएल यांची हौस, तर गवतातील रानफुले ही त्यांच्या पत्नी डेझी यांची.

त्यांचे धाकटे चिरंजीव क्रिस्टोफर १९२१ साली याच घरात जन्मले व २००६ साली निवर्तले. वडिलार्जित वैभव जसेच्या तसे जतन करून कृतार्थ व्हावे असा त्यांचा स्वभाव नव्हता. ल्युटेन्स यांनी आखलेल्या बागेतील गुलाब जुने झाले होते, आणि ज्या मातीत गुलाब पिढ्यान्‌पिढ्या वाढले तीत नवा गुलाब धड रुजत नाही. तेव्हा १९९३ च्या सुमारास, मुख्य माळी फर्गस गॅरेट यांच्या साहाय्याने, त्यांनी ते सगळे उपटून तेथे केळी, कर्दळी आणि डेलिया लावल्या. गुलाबाला राष्ट्रदैवत मानणाऱ्या देशात हे कृत्य अधर्मासमान ठरले यात आश्चर्य नाही. आपल्याकडे मोरीच्या सांडपाण्यावर बिनबोभाट वाढणारी कर्दळ तेथे मानाच्या वाफ्यात बसविलेली पाहून मराठी प्रवाशाला हसू येईल खरे. पण हिवाळ्यात केळीच्या खोडांना नेच्यांच्या वाळक्या पानांची जाड गुंडाळी करून त्यांना थंडीपासून वाचविण्याचा जो खटाटोप चालतो तो कळला, की त्या हसण्यात आदर मिसळल्याखेरीज राहत नाही.

नारिंगी फुलांशेजारी भडक गुलाबी फुले बसविण्याचा क्रिस्टोफर यांचा शौक मला आजही पुरता पटलेला नाही. मात्र यूची भक्कम चौकट शाबूत राखली म्हणूनच आतील वाफ्यांत इतकी उलथापालथ शोभली, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या पश्चात उद्यानाचा कारभार एका धर्मादाय न्यासाकडे आहे. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे काम करीत शिकतात, आणि एका मोसमाचा बहर सरताच वाफा मोकळा करून पुढच्या मोसमाची रोपे लावण्याची त्यांची घाई भर उन्हाळ्यात, पाहुण्यांच्या देखतच, चाललेली असते.