घरचे पीठ, बेकरीची भट्टी

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील तालुक्याची दोन्ही गावे मुळात भाताची आणि म्हणून पोह्यांची. पावाशी त्यांचा संबंध पुष्कळ नंतरचा, परंतु आज तो इतका घट्ट झाला आहे की सकाळच्या हॉटेलात मिसळ, भुर्जी किंवा खिमा पावाशिवाय समोर येत नाही, आणि लादी पाव, कडक पाव, बटर, टोस्ट, खारी ही नावे तेथे कोणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लेबनॉन या छोट्याशा देशात गल्लीतल्या बेकरीचे स्थान असेच आहे. मात्र तेथे बेकरी आणि नाश्त्याचे हॉटेल ही बहुधा एकच जागा असते, आणि गिऱ्हाईक पाव घरी नेण्याइतकेच तो भट्टीसमोर उभे राहून गरम गरम खाण्यासाठीही येते.

या बेकरीला तेथे ‘फुर्न’ म्हणतात. विटांची, घुमटी छताची भट्टी, तिच्यापुढे पीठ लाटण्याचा ओटा, कापडाखाली फुगत ठेवलेले खमिराच्या पिठाचे गोळे आणि बाजूला दोनचार टेबले एवढाच तिचा पसारा असतो. तिचा मुख्य पदार्थ म्हणजे ‘मनऊशे’: गोळा हाताने थापून किंवा लाटून तळहातापेक्षा मोठी चकती करायची, ती फुगू नये म्हणून बोटांच्या टोकांनी तिला खळगे पाडायचे, वर झातर व ऑलिव्हचे तेल यांचे मिश्रण पसरायचे आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून चकती भट्टीत सरकवायची, की काही मिनिटांत ती तयार होते. झातर ही ओव्याच्या वासाशी जवळीक असलेली एक डोंगरी वनस्पती आहे. तिची वाळवलेली पाने, भाजलेले तीळ, मीठ आणि सुमाक नावाच्या आंबट फळांची लालसर भुकटी एकत्र करून होणाऱ्या मसाल्यालाही झातरच म्हणतात. भाजलेल्या मनऊशेची घडी घालून तिच्यात काकडी, टोमॅटो, पुदिना आणि ऑलिव्हची फळे भरतात. कोणी तिच्याबरोबर ‘लबने’ मागतो, म्हणजे फडक्यात टांगून पाणी काढलेले, किंचित खारवलेले दही, ज्याला मराठी घरात चक्का म्हटले गेले असते.

नवख्या माणसाने फुर्नमध्ये काय मागावे, याचे उत्तरही वेळेवर अवलंबून असते, कारण मनऊशे ही सकाळची वस्तू आहे. दिवस चढल्यावर पालक व कांदा भरलेले त्रिकोणी ‘फतायर’, खिमा पसरलेली पातळ ‘लहम बि अजीन’ आणि चीज घातलेले प्रकार पुढे येतात. रोजच्या जेवणाचा पाव म्हणजे ‘खुब्ज’ मात्र वेगळ्या रीतीने होतो: सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत पातळ पोळी पडताच आतल्या पाण्याची वाफ होते, ती पोळीचे दोन पदर वेगळे करते, आणि बाहेर आल्यावर पोळी बसली तरी आत पिशवी शिल्लक राहते. शिळा झालेला हा पाव फेकत नाहीत. तो तळून किंवा भाजून, तुकडे करून ‘फत्तूश’ या कोशिंबिरीत घालतात. रायगडातल्या बेकरीतही उरलेल्या पावाच्या चकत्या पुन्हा भट्टीत जाऊन टोस्ट होतात, त्यामागची काटकसर हीच.

झातरची मनऊशे गरीब-श्रीमंत दोघांचीही आहे, आणि लेबनॉनमधील ख्रिस्ती पंथांच्या उपवासकाळात, जेव्हा मांस व दूधदुभते वर्ज्य असते, तेव्हाही ती चालते, कारण तिच्यात प्राणिज असे काहीच नसते. युनेस्कोने २०२३ मध्ये मनऊशे करण्याची ही रीत मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्याआधीची वर्षे या देशाच्या पावाला फार कठीण गेली होती. २०१९ पासून चलन कोसळत गेले, ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातील स्फोटात देशाची मोठी धान्यकोठारे उद्ध्वस्त झाली, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने गव्हाची आवक अडल्यावर बेकऱ्यांपुढे रांगा लागल्या.

तथापि फुर्नचे खरे वैशिष्ट्य तिच्या पदार्थांपेक्षा तिच्या वापरात आहे. ही भट्टी मालकाची असली तरी वापर आळीचा असतो. अनेक घरांतून झातर-तेलाचे मिश्रण वाटीत घेऊन मूल फुर्नमध्ये पाठवले जाई, आणि बेकरीवाला केवळ पीठ व भाजणावळ यांचे पैसे घेऊन घरच्या चवीची मनऊशे त्याच्या हाती देई. बालबेक या शहरात ‘स्फीहा’ नावाच्या, मांस भरलेल्या छोट्या रोट्यांसाठी आजही खाटकाकडून मांस बारीक करून, मसाला मिसळून घ्यायचे आणि शेजारच्या बेकरीत नेऊन भाजून आणायचे, अशी पद्धत आहे. घरोघरी मोठी भट्टी पेटवणे जळणाच्या दृष्टीने परवडत नाही, आणि तरीही चव मात्र ज्याला त्याला आपल्या घरचीच हवी असते, या दोन गोष्टींची ही तडजोड आहे.

महाराष्ट्राला ही तडजोड परकी नाही. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर आणि तूप घरून बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची चाल मराठी गावांत पिढ्यान्‌पिढ्या होती. तूप-साखर हलके होईपर्यंत फेसणे, त्यात वेलची-जायफळ घालणे आणि गोळे पत्र्यावर अंतराने मांडणे हे काम कधी घरच्या बायका करीत, कधी बेकरीतले कारागीर. भट्टीचा ताबा मात्र नेहमी कारागिराकडेच असे, कारण त्यात एक शास्त्र आहे. पावाला कडक आच लागते, नानकटाईला मंद. म्हणून पावाचा घाणा निघाल्यानंतर विटांत साठलेली, हळूहळू उतरत जाणारी उष्णता नानकटाईसाठी वापरली जाते, आणि वेगळे जळण जवळजवळ लागतच नाही. घरात ओव्हन आले, तयार डबे स्वस्त झाले, तशी ही चाल मागे पडत गेली. ती पूर्ण विझू नये असे वाटण्यासाठी गतकाळाचा उमाळा असण्याची गरज नाही, जळणाचा हिशेब पुरेसा आहे.

पाव कोकणच्या किनाऱ्यावर आला तो समुद्रमार्गाने. रोह्याची कुंडलिका नदी ज्या रेवदंडा-चौलजवळ समुद्राला मिळते, तेथे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठाणे बसवले आणि १७४० मध्ये ते मराठ्यांच्या हाती येईपर्यंत राखले. पलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीज वळणाची बोली आजही घरात बोलली जाते. गव्हाचे फुगवलेले पाव भाजण्याची विद्या पश्चिम किनाऱ्याला पोर्तुगिजांनी दिली, आणि खमीर मिळेना तेव्हा ताडी-माडीने पीठ आंबवण्याची युक्ती येथे निघाली. भात खाणाऱ्या कोकणाने पाव स्वीकारला तो भाकरीच्या जागी नव्हे, तर हॉटेलातल्या खाण्याच्या जोडीला. घरात आजही तांदळाची भाकरी आणि घावनच.

पेण-रोह्याची स्वतःची भट्टी खरे म्हणजे पावाची नाहीच, पोह्यांची आहे. भात गरम पाण्यात भिजवायचे, निथळून तापल्या वाळूत भाजायचे आणि गरम असतानाच दाबून चपटे करायचे, या क्रमाने होणारे पोहे आणि त्यांच्यापासूनचे पापड-मिरगुंडे यांसाठी पेणचे नाव मुंबईपर्यंत पोहोचले. याच पोह्यांनी पश्चिम आशियाशी असलेला एक जुना धागाही धरून ठेवला आहे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणात शतकानुशतके राहून मराठी झालेला ज्यू समाज, या परिसरात तेल गाळण्याचा धंदा करीत असे व शनिवारी घाणा बंद ठेवीत असे, म्हणून त्याला ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे याच परिसरातील गावांवरून पडली, आणि पेणमधील त्यांचे प्रार्थनामंदिर १८६३ चे आहे. प्रेषित एलियाहूच्या नावाने ते ‘मलिदा’ करतात, त्यात भिजवलेले गोड पोहे, ओला नारळ, सुकामेवा आणि फळे असतात. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, जेथे रस्त्यावरचे खाणे लेबनॉनच्या खाण्याशी बरेच मिळतेजुळते आहे. मलिद्यासाठी पोहे मात्र तेथेही शोधले जातात.

आज पश्चिम आशियाचे खाणे रायगडात येते ते आखाताच्या वाटेने. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यातील असंख्य माणसे दुबई, कुवेत, कतार येथे नोकरीला गेली, आणि तेथील शहरांत लेबनीज बेकऱ्या जागोजागी असल्यामुळे कोकणी माणसाने खुब्ज, हुमूस म्हणजे काबुली चण्याचे वाटण, आणि शवर्मा प्रथम तेथेच खाल्ले. परंतु परत येताना या सर्वांतून रुजला तो शवर्मा, म्हणजे उभ्या सळईवर थर रचून फिरवत भाजलेल्या मांसाचे काप पोळीत गुंडाळून देण्याचा प्रकार. ही निवड फारशी शहाणपणाची झाली नाही. सळईवरचे मांस बाहेरून भाजले जात असताना आतून कच्चे राहू शकते, अंड्याचे कच्चे मेयोनीज उष्ण व दमट हवेत लवकर बिघडते, आणि या दोन्हींवर ज्या शिस्तीने लक्ष ठेवावे लागते ती रस्त्याकडेच्या गाडीवर क्वचितच दिसते. केरळातील कासरगोड जिल्ह्यात मे २०२२ मध्ये शवर्म्याच्या विषबाधेने एका विद्यार्थिनीचा बळी गेला, त्यानंतर त्या राज्याला कडक नियम करावे लागले.

याउलट मनऊशेला लागते ते सारे पेण-रोह्याच्या बेकरीत आधीपासून आहे: खमिराचे पीठ, तापलेली भट्टी, लांब दांड्याची फळी आणि सकाळी लवकर उठणारा कारागीर. ती शाकाहारी आहे, स्वस्त आहे, दहा मिनिटांत होते आणि मांसासारखी नासत नाही. भट्टीचे स्वरूप बदलेल हे निश्चित, कारण मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले, आणि असे दंडक महानगरापुरते राहण्याची शक्यता कमी असते. पण मनऊशे गॅसच्या भट्टीतही उत्तम होते, बैरूतमध्ये पुष्कळ ठिकाणी ती तशीच होते. तेव्हा पेण किंवा रोह्याच्या एखाद्या बेकरीवाल्याने सकाळचा पावाचा घाणा निघाल्यावर चार चकत्या तीळ-तेल लावून भाजून पाहाव्यात, आणि गिऱ्हाइकाने घरून आणलेले वाटण लावून देण्याची तयारी ठेवावी; भांडवल लागणार नाही, नुकसान झालेच तर चार गोळ्यांचे होईल.