समोर दाणा, तरी उंदीर उपाशी

पावसाळा सरला की रायगडच्या किनारपट्टीवर रानातल्या झुडपांवर खाजकुइलीच्या शेंगा लोंबू लागतात. शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो, म्हणून जाणता माणूस त्या वेलाच्या वाटेला जात नाही. आतल्या बिया मात्र मोलाच्या. त्यांत सुमारे 4 ते 6 टक्के एल-डोपा असतो. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 साली तो या बियांतून वेगळा काढला. मेंदूत पोचल्यावर त्याचे डोपामाइन होते, आणि कंपवातात नेमके तेच कमी पडते.

डोपामाइन मुळीच नसेल तर काय होते?

सिअॅटलमध्ये रिचर्ड पाल्मिटर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1995 मध्ये जनुकांत फेरफार करून असे उंदीर तयार केले. पिल्ले जन्मली धडधाकट; पण काही आठवड्यांतच ती एका जागी बसून राहू लागली. दाणा-पाणी पुढ्यात असूनही तोंड लावीनात, आणि उपचाराविना भुकेने मेली. एल-डोपा टोचला की तीच पिल्ले हिंडू-खाऊ लागत. काही तासांनी असर उतरला की पुन्हा थिजत. 2003 च्या प्रयोगात तर अशाच उंदरांनी साध्या पाण्यापेक्षा साखरेचे पाणी पसंत केले. गोडी कळत होती, उठण्याची उभारी नव्हती.

या उंदरांच्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी शाबूत होत्या. कंपवातात या पेशीच मरतात. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जेम्स सर्मायर यांच्या गटाने उंदरांतल्या डोपामाइन पेशींना ऊर्जेसाठी लागणारा एक जनुक काढून टाकला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात आधी पेशींचे लांब तंतू निकामी झाले आणि बारीक कामे बिघडली. चाल बिघडली ती नंतर.

आजोबांना शर्टाची गुंडी लावायला वेळ लागतो, खुर्चीतून उठवत नाही, तेव्हा घरात 'आळस भरलाय' असे सहज बोलले जाते. पण हे कंपवाताचे लक्षणही असू शकते, आणि मग हा आरोप अन्यायाचा ठरतो. अशा माणसाला बोल लावण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावे.

खाजकुइलीच्या बियांचा कंपवातावरचा उपयोग मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशिर वाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासला. तो अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही रानातल्या बिया कुटून घेऊ नयेत. प्रत्येक बीत एल-डोपा सारखा नसतो. त्यात कंपवाताच्या गोळ्या चालू असतील तर मात्रा वाढून ओकाऱ्या होतात, अंग अनावर हलू लागते. कोणी चूर्ण सुचवले, तर आधी चालू औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारा.